उजव्या पायाचा गिअर

स्वरूपा साळुंखेला राग आला की ती बोलत नाही, पाने आपटते. जपानमधल्या फुनाबोरीतल्या ओनोदेरा-सानच्या गॅरेजमध्ये गेली तीन वर्षं तिचे पाने जरा जास्तच आपटतात, आणि त्याला कारण आहे. तिथं तिला सगळे ‘ओकुसान’ म्हणतात. ओकुसान म्हणजे कुणाची तरी बायको. कुणाची, तर तोयोसूत कंप्युटरसमोर बसणाऱ्या प्रथमेश साळुंखेची.

प्रथमेश माणूस वाईट नाही हो. पण पुण्यात असताना स्कूटरला किक मारायची म्हटलं तरी त्याला घाम फुटायचा. इंजिन उघडणारी स्वरूपा. नाना पेठेत तिच्या वडिलांचं बुलेट दुरुस्तीचं गॅरेज होतं. दहावीच्या सुट्टीत मैत्रिणी मेंदी काढत होत्या, तेव्हा ही पिस्टन काढत होती. जपानला आली ती नवऱ्याच्या व्हिसावर, आठवड्याला अठ्ठावीस तास काम करायच्या परवानगीवर. गॅरेज तिनंच शोधलं. तेव्हा भाषा येत नव्हती म्हणून मुलाखतीला प्रथमेश सोबत गेला आणि सगळं बोलणं त्यानंच केलं. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. म्हाताऱ्या ओनोदेरा-सानच्या डोक्यात ती जी ‘साळुंखे-सानची ओकुसान’ होऊन बसली, ती बसलीच. पुढं तिनं जपानीत मेकॅनिकची परीक्षा दिली, मोठ्या मोटरसायकलचं लायसन्स काढलं, तरी फरक शून्य.

गेल्या वर्षी गॅरेजमध्ये एक गाडी आली. मोटो गुझ्झी, इटलीची, साडेसातशे सीसी, १९७१ची. त्या काळात लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी घरच्या अमेरिकन गाड्या असताना असल्या इटालियन गाड्या घेतल्या होत्या. पुढं मोठी काच, बाजूला सायरन, पाय ठेवायला रुंद फळ्या. पडद्यावरही त्या दिसल्या आणि जगभरचे शौकीन त्यांच्यामागं लागले. ही मात्र एका गोदामात पडून पडून पार गंजली होती. अकरा महिने स्वरूपा तिच्याशी झुंजली. ओनोदेरा-सान चहाचा कप घेऊन शेजारी उभे राहायचे आणि “अरे वा, ओकुसान” म्हणायचे. त्यांचा वाटा तेवढाच.

मग एका सिनेमा कंपनीनं ती गाडी मागितली. सिनेमा जपानी, पण त्यातला एक पाठलाग पन्नास वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतला. शूटिंग चिबाच्या बंदरामागच्या बंद रस्त्यावर. सिनेमाच्या शेवटी, नावं वर सरकतात तिथं, गाडी दुरुस्त करणाऱ्याचं नाव येणार, हे दिग्दर्शकानं आधीच कबूल केलं होतं. स्वरूपानं पुण्याला फोन करून आईला सांगितलंसुद्धा.

शूटिंगच्या दिवशी दुपारी टेबलावर तो नावांचा कागद पडला होता. तिनं वाचला. ‘मोटरसायकल पुनर्बांधणी : ओनोदेरा. सहाय्य : साळुंखे-सान यांच्या पत्नी.’

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहाय्य? हातावरचे चटके अजून बरे झाले नव्हते आणि म्हणे सहाय्य! आयत्या बिळावर नागोबा नुसता. तिनं प्रथमेशला फोन लावला आणि ती ओळ वाचून दाखवली.

“अगं, इकडे चालतं असं,” तो म्हणाला. “म्हातारा माणूस आहे. मीटिंगमध्ये आहे मी, रात्री बोलू. आणि साळुंखे आलंय ना त्यात?”

“तुझं आलंय,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शूटिंग सुरू झालं. पोलिसाच्या वेशात गाडी चालवणारा गडी शर्यतीतला होता, नावाजलेला. स्वरूपानं सकाळीच त्याला बजावलं होतं, या गाडीला गिअर उजव्या पायात आहे आणि मागचा ब्रेक डाव्या पायात, हल्लीच्या गाड्यांच्या अगदी उलट. तो ‘हाय, हाय’, म्हणजे हो हो, म्हणत मान डोलवत राहिला, आणि मग त्यानं ओनोदेरा-सानकडे वळून विचारलं, खरं आहे का हे? दोन चकरा मारून म्हणाला, दाइजोबु, काही अडचण नाही.

वळणावर कॅमेरा दिसला आणि त्याचा उजवा पाय सवयीनं ब्रेक मारायला गेला. ब्रेक लागला नाही, गिअर बदलला. गाडीनं हिसका खाल्ला आणि ती रचलेल्या खोक्यांत जाऊन आडवी झाली. त्याला फक्त खरचटलं. गाडीची डावी पेटी चेपली आणि क्लचची दांडी वाकली. स्वरूपानं दांडी सरळ केली. एक शब्द बोलली नाही. पाने मात्र त्या बंदरावर सगळ्यांना ऐकू गेले.

गडी पुन्हा बसायला तयार होईना. ऊन उतरत होतं, रस्ता त्या एकाच दिवसापुरता मिळाला होता. ही गाडी चालवू शकेल असं कोण आहे, दिग्दर्शकानं विचारलं. ओनोदेरा-सानांचं वय चौऱ्याहत्तर, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

“मी चालवते,” स्वरूपा म्हणाली. नाना पेठेतल्या जुन्या बुलेटनाही गिअर उजवीकडेच होता. तिचा पाय दुसरं काही शिकलाच नव्हता.

लोक पोलिसाचा कोट घेऊन धावत आले. तिनं तो हातात घेतला नाही. टेबलावरचा कागद उचलला, पेन उचललं आणि दोन्ही ओनोदेरा-सानांपुढं धरलं.

“दुरुस्ती मी केली,” ती जपानीत म्हणाली. “अकरा महिने मी केली. तुम्ही स्वतःच्या हातानं माझं नाव लिहा. मग मी बसते.”

म्हातारा लाल झाला. सगळ्यांसमोर दोनदा कमरेत वाकला. सहाय्याची ओळ खोडली, आपलं नावही खोडलं, आणि वर ‘साळुंखे’ असं स्वच्छ लिहिलं. मग पेन थांबलं.

इकडे पहिल्या नावानं कुणी कुणाला हाक मारत नाही, ते तिला ठाऊक होतं. पण तीन वर्षं! रोज सकाळी या माणसाला तिनं आधी ‘ओहायो गोझाइमास’ म्हटलं होतं. तो हळूच मान वर करून तिच्याकडे बघत राहिला, आणि पन्नास माणसं त्या पेनाकडे.

“माफ करा,” तो पुटपुटला. “तुमचं नाव काय?”

स्वरूपानं लगेच सांगितलं नाही. ऊन उतरत होतं तर उतरू दे. तिनं कोट घातला, बटणं एकेक करून लावली, हेल्मेट काखेत धरलं. मग त्याच्यासमोर उभी राहून नाव सांगितलं, आणि त्याच्याकडून ते मोठ्यानं म्हणवून घेतलं. दोनदा.