आक्काची चूल आत गेली

आक्का भाकरी थापू लागली की रस्त्याने जाणारी बाई दोन घटका थांबायचीच. आक्काच्या उजव्या हाताची मूठ रांगत्या वयात चुलीत गेली होती. बोटं तळव्याला चिकटली, ती कायमची. डाव्या पंजाने ती भाकरी थापायची आणि मिटलेल्या मुठीने कडेकडेने फिरवत न्यायची. भाकरी गोल निघायची, तव्यावर टम्म फुगायची. मग आक्का मान वर करून त्या बाईला म्हणायची, "काय पाहून राहिली? येतंय मला!"

"येतंय मला" हे तिचे शब्द सेनगावातल्या आमच्या गल्लीला पाठ होते. सुई ओवण्यापासून भरली घागर डोक्यावर घेण्यापर्यंत कशालाही तिचं उत्तर तेच. त्यामागची गोष्ट माझी आई सांगायची. लग्न होऊन महिना झाला नव्हता, तर आक्काच्या सासूने माहेरी निरोप धाडला, 'तुमची ही मुठी पोर घेऊन जा, हिला काय येतंय?' भाऊ बैलगाडी घेऊन आला. आक्काने त्याला ओट्यावर बसवलं, आतली चूल उचलून दारात मांडली आणि सगळ्या गल्लीच्या डोळ्यांसमोर रांधून त्याला जेवू घातलं. भाऊ रिकामी गाडी घेऊन परत गेला. चूल मात्र दारातच राहिली. पावसाळ्यात आक्का वर पत्रा टाकायची, पण चूल आत न्यायची नाही.

गल्लीत लेकरू जन्मलं की त्याचा करदोडा आक्काच बांधायची. काळ्या दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात, मधे ती मूठ. आक्काने मारलेली गाठ सुटत नाही, असं बाया म्हणत. माझाही करदोडा तिनेच बांधलेला.

तिचे मालक, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, आडतीवर पोती वाहायचे. त्यांच्या छातीत दम भरू लागला आणि हमाली सुटली. एकच मुलगी, ती सासरी. मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसलो होतो, दिवसभर पेपर वाचायचो. मीच आक्काला सांगितलं, "अपंगाचं सर्टिफिकेट काढू. निराधारचा पगार सुरू होईल, एसटीतही सवलत."

"मी काहून अपंग?" ती उसळली. "अपंग असेल तुझा तो पेपरवाला!"

महिनाभराने मामा घरातल्या घरात चालतानाही भिंत धरू लागले. तेव्हा ती आपणहून आली. "चल बाबा, कुठं जायचं ते."

जिल्ह्याच्या दवाखान्यात तपासणीचं डॉक्टरांचं बोर्ड बसायचं त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांना तेल लावून आली. साहेबांसमोर जायचं म्हणजे नीटनेटकं जायचं, एवढंच तिला ठाऊक. डॉक्टर भले होते. त्यांनी विचारलं, "बटण लावता येतं का, मावशी?"

"येतंय."

"बाटलीचं झाकण?"

तिने टेबलावरची बाटली काखेत धरली आणि डाव्या हाताने झाकण काढलं. "पाणी देऊ का ओतून? तहानलेले दिसता." सगळे हसले. एका डॉक्टरांनी तर शेजारच्या खोलीतल्या नर्सला हाक मारून तिला पाहायला बोलावलं. आक्काचा चेहरा फुलला होता. मी दारात उभा होतो. मला कळत होतं काय होऊन राहिलं ते, पण तिला थांबवायचं कसं?

पगाराला चाळीस टक्के अपंगत्व लागे. तिच्या कागदावर तीस पडले. बाहेर पायरीवर बसून मी तो वाचून दाखवला.

"म्हंजे पास का नापास?"

"नापास, आक्का."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "काहून? समदं तर आलं मला!"

पुढे किती खेटे झाले याचा हिशेब नाही. तहसीलमध्ये एकच उत्तर मिळायचं, चाळीस आणा. तोवर हिंगोली जिल्हा वेगळा झाला, दवाखाना जवळ आला, आणि मी मास्तर झालो होतो. पुन्हा तपासणी करून घ्यायचं ठरलं. या वेळी मी आक्काला आमच्या ओट्यावर बसवून तयारी करून घेतली, शाळेत पोरांची घेतो तशी.

"झाकण काढता येतं?"

"येत... न्हाई." ती खुदकन हसली.

"हसायचं नाही, आक्का. खाली पाहायचं. परत. पदराला गाठ मारता येते?"

"न्हाई येत."

पाच-सहा वेळा म्हणवून घेतलं. शेवटी शेवटी ती हसेनाशी झाली. मला वाटलं, आता जमलं.

जमलंच. बोर्डापुढे ती खाली मान घालून उभी राहिली. हातात दिलेली बाटली तिने सोडून दिली. ती घरंगळत माझ्या पायाशी आली. कागदावर पंचेचाळीस आले. परतीला एसटीत मी शेंगदाण्याची पुडी घेतली. एरवी तिने ती दाताने फाडली असती. तिने पुडी माझ्यापुढे धरली. "फोडून दे, मास्तर." मी फोडून दिली.

पगार सुरू झाला. मामांचं औषध पैशावाचून कधी थांबलं नाही, हे खरं. आणखी चार वर्षं त्यांनी त्याच्यावर काढली. हे मी स्वतःला वरचेवर सांगतो. पण पुढच्याच उन्हाळ्यात कुणीतरी तक्रारीचा अर्ज केला आणि वरच्या गल्लीतल्या एका लंगड्या माणसाचा पगार बंद पडला. तो शेतात निंदताना दिसला होता म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काच्या दारात नुसती काळी जागा दिसली. चूल आत गेली होती. धूर कौलांतून निघायचा, मामा खोकत ओट्यावर बसायचे. रस्त्याने जाणाऱ्या बाया आता थांबत नसत.

आक्का जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं नाव निघालं की दर वेळी आठवते ती चूल आत गेल्यानंतरची एकच दुपार. माझी मुलगी पाच दिवसांची होती. आईने आक्काला करदोड्यासाठी बोलावलं. ती आली ती उजवा हात पदराखाली धरून. दोरा पुढे केला तर म्हणाली, "तुमीच बांधा बाई."

"असं कसं, आक्का?" आई म्हणाली. "ह्याचा तू बांधलास, आता ह्याच्या लेकीचा नको?"

आक्काने पाळण्यात पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"दार लाव आधी."

मी उठून कडी घातली. तिने पदराखालून मूठ काढली, दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि गाठ मारली. मारून झाल्यावर ती पोरीच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटली. मला ते आधी ओळखू आलं नाही, कारण ते शब्द ती इतक्या हळू कधी बोललीच नव्हती.

"येतंय मला."