आग्नेय कोपऱ्यातली फरशी

चिखलीच्या चिंतामण महाराजांना पूजेला बोलावलं की घरातला कुरकुरणारा पंखा आधी बंद करून ठेवावा, असं लोक थट्टेने म्हणतात. नाहीतर महाराजांचा अर्धा जीव पोथीत आणि अर्धा पंख्यात. आरती झाली की ते स्टूल मागणार. आपण त्यांना नुसतं चिंतामणच म्हणू, कारण पन्नाशी ओलांडली तरी या माणसातला शाळकरी पोरगा काही मोठा झालेला नाही. प्रत्येक वस्तूच्या आत काय आहे ते त्याला बघायचंच असतं. लहानपणी त्याने बापाचं घड्याळ उघडलं, ते पुन्हा कधी चाललं नाही.

गेल्या दिवाळीत त्याने मल्टी-टूल मागवलं. एका हातात मावणारं यंत्र आणि पुढे पातं. हे पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी इतकं भराभर थरथरतं की डोळ्याला नुसतं धूसर दिसतं. न फिरता कापतं कसं, याचंच चिंतामणला नवल. मग घरभर प्रयोग सुरू झाले. फुगलेल्या दाराची खालची कड त्याने दार न उतरवता कापली. बटणाच्या डबीसाठी लाकडी फळीला नेमकं चौकोनी भोक पाडलं. मोरीतली एक टाइल तर सांध्यातून सोडवून अख्खी काढली, परत बसवली आणि दोन दिवसांनी पुन्हा काढली.

"त्या बिचारीला आता निजू द्या जरा," त्याची बायको नीरजा म्हणाली. यंत्राचं नाव तिने थरथरी ठेवलं. हळूहळू थरथरी पूजेच्या पिशवीत पळी-पंचपात्राशेजारी राहू लागली, आणि वास्तुशांतीला गेलेला चिंतामण दक्षिणेबरोबर चौकटीत अडकणारं दारही मोकळं करून येऊ लागला.

अशात उंद्रीहून शेषरावांचा फोन आला. त्यांनी घराचं काम काढलं होतं. स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी फोडून टाइल्स बसवायच्या होत्या. पण तिथल्या आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुष होता. घर बांधलं तेव्हा रीतीप्रमाणे सोन्याची छोटी प्रतिमा तांब्याच्या डबीत घालून तिथे पुरली होती. फोडाफोडीत ती चेंगरू नये म्हणून कोपऱ्यातली फरशी अलगद काढायची, प्रतिमा बाहेर घ्यायची आणि नव्या टाइलखाली विधीने परत ठेवायची.

"आमच्या मायचं म्हणनं हाये," शेषराव अडखळत म्हणाले, "ज्याच्या बापानं ठेवलं, त्याच्याच हातानं निंगालं पाहिजे."

चिंतामणला त्यातली मेख बरोबर कळली. ती वास्तुशांती त्याच्या वडिलांनी, भगवंतरावांनी केली होती. शेषरावांच्या आईने, गोजरबाईने, प्रतिमेसाठी स्वतःच्या कानातली बुगडी मोडून सोनं दिलं होतं. पण डबी बंद करून पुरताना भगवंतराव सगळ्यांकडे पाठ करून बसले होते, आत काय गेलं ते तिला दिसलं नाही. त्यात पुढच्याच संक्रांतीला भगवंतरावांच्या बायकोच्या नाकात नवी सोन्याची चमकी दिसली. झालं! भटजीने डबी रिकामीच पुरली, अशी कुजबुज उंद्रीभर पसरली. तोंडावर कुणी काही बोललं नाही, फक्त बोलावणी बंद झाली. भगवंतरावांनीही खुलासा केला नाही. मरेपर्यंत त्यांनी त्या गावात पाऊल ठेवलं नाही.

दिसेल ते उघडून बघणाऱ्या चिंतामणने एवढी एकच गोष्ट बापाला कधी विचारली नाही. चमकी कुठून आली, हे आईलाही नाही. भलतंच उत्तर मिळालं तर काय करायचं, याची त्याला भीती वाटायची.

उंद्रीला तो पोचला तेव्हा गवंडी अश्वजित फोडायचं यंत्र घेऊन तयार होता. दारात शेजारच्या बाया जमल्या होत्या. गोजरबाई कोपऱ्यासमोरच खुर्ची टाकून बसली होती. चिंतामणने पूजा केली, वास्तुपुरुषाची क्षमा मागितली, उपरणं नाकातोंडावर बांधलं आणि थरथरी काढली.

"ग्राइंडर नसता चालला का, महाराज?" अश्वजितने विचारलं.

"त्याचं चाक कोपऱ्यात शिरत नाही. भिंत खाऊन टाकते. हे पाहा." चिंतामणने खरखरीत अर्धगोल पातं सिमेंटच्या सांध्यावर टेकवलं. गुरगुर सुरू झाली, राखाडी भुकटी उडू लागली. अश्वजित उकिडवा बसून बघत राहिला. "अजबच हाये. फिरून नाही राह्यलं, तरी कापून राह्यलं!"

"कापा, कापा," गोजरबाई म्हणाली. "खाली काही असलं म्हंजे झालं."

चिंतामणने ऐकलं न ऐकलंसं केलं. पातं तापलं की तो थांबे, जरा गार होऊ देई, मग पुढची कड धरी. चारही सांधे मोकळे झाल्यावर अश्वजितने पटाशी सरकवली आणि फरशी एका तुकड्यात वर आली. खाली वाळूत हिरवी पडलेली डबी होती.

आता त्या घरात कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट सांगायला हवी. चिंतामणच्या कनवटीला दुसरी सोन्याची प्रतिमा होती. आदल्या दिवशी सोनाराकडून त्याने ती नीरजालाही न सांगता घेतली होती. डबी रिकामी निघाली तर गुपचूप आत सरकवायची, बापाचं नाव वाचवायचं, असं त्याने ठरवलं होतं. त्याने डबी उचलली आणि त्याचा हात कमरेकडे गेला. मागून कुणाला काहीच दिसत नव्हतं, आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की तोही सगळ्यांकडे पाठ करूनच बसला आहे. दुसरं बसणार तरी कसं? दोन्हीकडे भिंती. या कोपऱ्यात हात घालणाऱ्याची पाठ घराकडेच होणार. बापाची तशीच झाली असेल! एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत ना गावाला सुचली, ना त्याला.

तो उठला, वळला आणि बंद डबी त्याने गोजरबाईच्या मांडीवर ठेवली. "माय, तुम्हीच उघडा."

झाकण चिकटून बसलं होतं. अश्वजितने पटाशीच्या टोकाने ते सैल केलं. आत धान्याचा भुगा होता. गोजरबाईने बोटांनी तो बाजूला केला, तर खाली उपडी निजलेली प्रतिमा. तिने ती पदराला पुसली आणि सोनं लखलखलं.

"मंग ते चमकी?" दारातून कुणीतरी बोललंच. गोजरबाईने तिकडे असं पाहिलं की ती बाई मागे सरकली.

"महाराज, लय पाप झालं माह्या हातून. देवमाणसावर आळ घेतला." भिंतीचा आधार घेत म्हातारी त्याच्या पायाशी वाकू लागली.

चिंतामणने झटकन पाय मागे घेतले. पाया पडून घ्यायची सवय असलेल्या त्या माणसाला ते पाय कुठे ठेवावेत कळेना. त्याने कनवटीची प्रतिमा काढली आणि तिच्या तळहातावर पहिलीशेजारी ठेवली.

"माय, हे मी संगं आणलं होतं. डबी रिकामी निघाली असती तर आत टाकाले."

गोजरबाई त्या दोन प्रतिमांकडे बघत राहिली. "म्हंजे तुह्याबी मनात होतंच."

"हो," चिंतामण म्हणाला. "गावानं तर नुसतं बोलावणं बंद केलं. मी पोटचा पोरगा, मी त्यांना साधं विचारलंसुद्धा नाही." आणि त्या भरल्या घरात, धुळीने माखलेल्या हातांनी तोंड झाकून तो रडू लागला.