शिक्षेबाबत काही सांगायचंय?

“आरोपी दोषी. मॅडम, शिक्षेबाबत काही सांगायचंय?” जजसाहेबांनी विचारलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. लंच व्हायला आला होता.

पिंजऱ्यात जयेश उभा होता. धाकटी डहाणूचा खलाशी. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा हायवेवर अच्छाडला ट्रकवर माल चढवायला जायचा. तिथे एका ड्रायव्हरने त्याला चारचौघांत चपलेने मारलं. जयेशने तो राग रात्रभर धरून ठेवला आणि ड्रायव्हर व त्याचा भाऊ, दोघांना झोपेत मारलं. भावाचा तर भांडणाशी संबंधही नव्हता. पुरावा पक्का होता. त्याला वकील परवडत नव्हता म्हणून सरकारी खर्चाने मला नेमलं होतं आणि तो निर्दोष सुटणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

खुनाला शिक्षा दोनच. जन्मठेप किंवा फाशी. फाशी फक्त ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ खटल्यात देता येते. म्हणजे गुन्हा तर भयंकर हवाच, पण हा माणूस सुधारण्यापलीकडे गेलाय असंही कोर्टाला दिसलं पाहिजे. सरकारी वकील राऊतांनी उभं राहून फाशी मागितली. आमची जुनी ओळख, एका डब्यात जेवणारे आम्ही. पण कोर्टात राऊत कुणाचे नाहीत.

“घरची गरिबी, म्हातारी आई. लिहून घेऊ ना, मॅडम?” साहेब म्हणाले.

आमच्या धंद्याची ही वाईट खोड आहे. गुन्ह्यावर वर्षानुवर्षं साक्षी चालतात आणि शिक्षेचं काम जेवणाच्या सुट्टीआधी उरकतात. माझं डोकं फिरलं.

“साहेब, दोन माणसं कशी मेली ते आपण इतकी वर्षं तपासलं. तिसरा मारायचा की नाही, हे लंचच्या आत ठरवायचं का?”

राऊत खाली बघून हसले. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी आठवड्यानंतरची तारीख दिली.

सरकारने माणूस मारू नये असं माझं मत आहे. झोपलेल्याला मारणं वाईट, मग बांधून ठेवलेल्याला मारणं चांगलं कसं? पण माझ्या मताला कोर्टात कोण विचारतो? तिथे पुरावा लागतो. तो शोधायला मी धाकटी डहाणू गाठली.

जयेशची आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. शेजारी नारायण तांडेल जाळं सांधत बसले होते. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. जयेश त्यांच्याच होडीवर होता.

“आजी, जयेशने आयुष्यात काही चांगलं केलंय का? कोणाला मदत वगैरे?”

म्हातारीने खूप विचार केला. “नाय गो बाय. सगल्यांसारखाच हाय तो.”

“तांडेल, तुम्ही सांगा.”

“दारू कमी पितो, असा लिवा.”

गावभर फिरले. सगळीकडे तेच. कोणी सरपंचाचा दाखला देतो म्हणालं, कोणी देवळात झांज वाजवायचा म्हणालं. ह्यावर फाशी टळत नसते. संध्याकाळी मी वैतागून पुन्हा तांडेलांपुढे बसले.

“बरं, चांगलं राहू द्या. त्याने वाईट काय केलं ते तरी सांगा.”

तांडेलांचा चेहरा उजळला. “वाईट? अवो, माजा कोरा जाला सुरीनं कापून दर्यात सोडला त्यानं! इचारलं पन नाय मला!”

“का कापलं?”

“उंबरगावची होडी उलटली होती. जाला वडत बसलो असतो, तर पोचलोच नसतो.”

“मग? पोचलात?”

“पोचलो तर! चौघं काढले. एक लांब व्हावत गेलेला, त्याच्यामागं हाच उडी मारून गेला. पन जाला गेला ना माजा!”

मी कपाळाला हात लावला. “तांडेल, सकाळपासून मी हेच विचारतेय!”

“ह्याच्यात चांगला काय?” ते खरोखर गोंधळले होते. “दर्यात मानूस पडला तर काढायचाच. त्याचा कोन सांगत फिरतो?”

तारखेला मी गुजरातेतल्या उंबरगावच्या त्या वाहत गेलेल्या खलाशाला उभं केलं. तो हात जोडून म्हणाला, “साहेब, आ माणसने लीधे हुं ऊभो छुं.” ह्या माणसामुळे मी उभा आहे. एवढं गुजराती आमच्याकडे भाषांतराशिवाय चालतं. तांडेलांनीही साक्ष दिली आणि जाळ्याची तक्रारही नोंदवली. पिंजऱ्यात जयेश पहिल्यांदाच रडला.

राऊत सोडणार थोडेच! “एक जीव वाचवला म्हणजे दोन घ्यायचा परवाना मिळतो का?”

“मुळीच नाही,” मी म्हणाले. “म्हणून तर जन्मठेप मागतेय. सरकारी वकील म्हणतात की ह्याच्यात माणूस उरलेला नाही. तो उरलाय, आणि त्याचा पुरावा आत्ता साक्ष देऊन गेला.”

मागच्या बाकावर मेलेल्या भावांचे वडील बसले होते. तलासरीकडचे भातशेती करणारे. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं नाही.

साहेबांनी निकाल वाचला. जन्मठेप.

मी जिंकले होते! वकिलीत एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. आरोपी तुरुंगात चाललाय आणि त्याची आई माझ्या गळ्यात पडून नाचायची तेवढी बाकी, असा विजय दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळतो? राऊतांनी चहा पाजला. “हरल्याचं वाईट वाटत नाहीये,” ते म्हणाले. “कुणाला सांगू नका.”

गेटपाशी ते वडील थांबले होते. “बाई, तो दर्यात उडी मारनारा त्या राती कुठं होता?”

  त्याला लटकवूनही ह्याचं उत्तर मिळालं नसतं, एवढं मी तिथेच त्यांना सांगितलं. ते बसस्टँडकडे गेले.

नवे वकील सल्ला मागतात तेव्हा मी सांगते. माणसाने केलेलं सगळ्यात वाईट काम पोलीस कोर्टात आणून देतात, त्याची काळजी नको. बाकीचा माणूस गावात असतो. तो आणायला आपल्यालाच जावं लागतं, आणि फाशीनंतर जाऊन काही उपयोग नसतो.