दत्तोबा मास्तरांचा समुद्र

चार मास्तर एका शाळेत राह्यले की किस्से जमतातच. पण आमच्याकडं जमले ते सगळे समुद्राचे, अन् समुद्र आमच्यातल्या एकानंबी बघितला नव्हता!

झालं असं, आमचा भाग मुंबई राज्यात गेला अन् पुस्तकं बदलली. भूगोलात धडा निघाला बेटावरच्या गावाचा. कोळ्यांची घरं, पाण्यातला किल्ला, दीपस्तंभ. इन्स्पेक्टरसमोर तो शिकवायचं आलं दत्तोबा मास्तरांच्या वाट्याला. नोकरी कच्ची. शेरा चांगला आला तर कायम, न्हाई तर घरी! बिचाऱ्याला जेवण जाईना.

*

एक दिवस मास्तर धापा टाकत आले. "पुस्तक म्हणतंय, पाणी रोज दोनदा येतं अन् दोनदा जातं. हे पाणी सोडतंय कोण?"

"असंल सरकारी पाटकरी, कालव्याचं पाणी सोडतो तसा," हेडमास्तर म्हणले.

"मंग रविवारी?"

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "रविवारचं शिकवूच नका."

*

दीपस्तंभ म्हणजे दीपमाळच की, असं मी ठासून सांगितलं. मास्तरांनी फळ्यावर झकास काढली. पोरं म्हणली, "गुरुजी, देव कोणता?" पुस्तकात तर देवाचा पत्ता न्हाई. मास्तरांनी तिथल्या तिथं बेटावर खंडोबा बसवला!

*

तीर्थपुरीच्या बाजारातले कापडवाले शेटजी मुंबई बघून आल्ते. मास्तरांनी त्यांना गाठलं.

"पाणी बिलकुल खारं," शेटजी म्हणले. "जनावरबी तोंड लावत न्हाई. मंग एवढं ठेवलंय कशाला, मलाबी समजलं न्हाई."

मास्तर होते त्याहून गोंधळले.

*

शेवटी त्यांनी शाळेच्या अंगणात गोल चर खणला. मधी बेट. त्यावर मातीचा किल्ला, घरं, दीपमाळ, खंडोबा. सकाळपासून पोरांनी आड उपसून समुद्र भरला. इन्स्पेक्टर साहेब आले दुपारी. तोवर आमच्या काळ्या जमिनीनं सगळा समुद्र पिऊन टाकल्ता!

त्यात साहेब कोकणातून बदलून आलेले, जन्म असल्याच एका बेटावरचा.

"समुद्र कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"ओहोटी हाये, साहेब."

"भरती केव्हा?"

"आडाला पाणी आलं की!"

साहेब हसले न्हाईत. बूट काढून हातात घेतले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, अन् एकेक पाऊल जपून टाकत कोरड्या चरातून बेटावर गेले. खंडोबाला हात जोडले. बराच वेळ उभे राह्यले. आले तेबी तसंच, पँट वर धरून.

मंग शेरेबुकात लिहिलं, "मास्तरांना कायम करावे."

अन् हेडमास्तरांना म्हणले, "पाय पुसायला पंचा मिळेल का?"