आत्याचा हिरवा कोट

त्या घरात दोरीवर कपडे वाळत घातले की कोणीतरी राखणीला बसायचं. भीती चोराची नव्हती. चोर शर्ट नेतो, पण निदान तो अंगात तरी घालतो. घरच्या पोरीच्या तावडीत सापडलेल्या शर्टाची पिशवी व्हायची, नाहीतर उशीचा अभ्रा. एकदा तर थोरल्या भावाच्या धडधाकट पँटचा एप्रन झाला होता.

"जुनी होती ती," पोरीने आपली बाजू मांडली.

"अगं, मी ती काढून फक्त अंघोळीला गेलो होतो!" भाऊ टॉवेल सावरत ओरडला.

तेव्हापासून तिचं नाव पडलं उसवी. विद्यापीठात ती टिकाऊ फॅशन शिकत होती. नवं कापड न आणता, एक चिंधीही वाया न घालवता कपडे कसे घडवायचे, त्याचं रीतसर शिक्षण. बाबांच्या डोक्यात हे काही केल्या शिरत नसे. "टिकाऊ म्हणजे आहे ते टिकवायचं ना? मग ही आहे ते फाडत का सुटलीय?"

"फाडत नाही बाबा, उसवते," ती म्हणे. त्याने बाबांच्या शर्टाचं काही भलं होणार होतं अशातला भाग नाही.

तिच्या वर्गात कापायची लांबलचक टेबलं होती, कापडी पुतळे होते, शिलाई मशिनं होती. नव्हती ती केराची टोपली. मॅडमनी पहिल्याच दिवशी ती उचलून बाहेर ठेवली होती. कापताना जी चिंधी उरेल ती ज्याची त्याने खिशात घालायची आणि घरी न्यायची, असा त्यांचा दंडक. उसवी रोज खिसे फुगवून घरी यायची आणि हॉलमधल्या गोल उशीत ते रिकामे करायची. उशी एवढी टम्म झाली होती की पाहुणा तिच्यावर बसला की घरंगळायचा.

शेवटच्या वर्षी मॅडमनी परीक्षेचं काम दिलं. घरात नुसता पडून असलेला एक कपडा घ्यायचा, कात्री न लावता उसवायचा आणि त्याच मालकासाठी नव्याने शिवायचा. परीक्षेला मालकाने येऊन तो स्वतः घालून दाखवायचा आणि आपण तो राजीखुशीने कसा दिला ते सांगायचं.

रात्रीच्या जेवणात उसवीने ही आनंदाची बातमी जाहीर केली आणि आशेने सगळ्यांकडे पाहिलं. बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. भाऊ ताट घेऊन आत गेला. आई म्हणाली, "माझ्याकडे बघूसुद्धा नकोस." आत्या शांतपणे जेवत राहिली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलेलं नव्हतं, भावाकडेच राहायची. बसस्थानकावर हरवलेल्या वस्तूंची खिडकी असते ना, तिथे उभी हयात काढलेली. लोकांच्या पिशव्या, चष्मे, डबे आणि एकदा कवळी, असं सगळं तिने सांभाळलं होतं. स्वतःची मात्र साधी टाचणीही तिने कधी हरवली नव्हती. तिच्या कपाटाची किल्ली सदैव तिच्या पर्समध्ये आणि पर्स सदैव तिच्या काखेत. कपाटात एक गर्द हिरवा लोकरी कोट होता. तरुणपणी तिने तो हौसेने शिवून घेतला होता, एखाद्या चांगल्या प्रसंगाला घालायचा म्हणून. प्रसंग काही आला नाही. कोट तसाच राहिला.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी उसवी घरच्या शिलाई मशिनपाशी गेली आणि तिला काय दिसावं? मशिनवर किल्ली. आत्याची. आत्या कामावर गेलेली.

शहाण्या मुलीने किल्ली उचलून ठेवून दिली असती. उसवीने ठरवलं की नशीब उघडलंय. 'आत्याला एक झकास जाकीट करून देऊ, मग परवानगीचं बघता येईल,' असा सोयीस्कर विचार करून तिने कोट पिशवीत कोंबला, कपाट लावलं, किल्ली होती तिथे ठेवली आणि वर्ग गाठला. दुपारपर्यंत टेबलावर बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, कॉलर वेगळी, अस्तर बाजूला. कापडाचा एक धागा तुटला नव्हता. उसवी स्वतःवरच खूश होती.

संध्याकाळी आत्याने पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी लग्न करतेय."

बाबांना ठसका लागला. आई आधी सावरली. "कोणाशी, ताई?"

"छत्रीवाल्यांशी."

छत्रीवाले घरात सगळ्यांना ऐकून माहीत होते. हे गृहस्थ बसमध्ये छत्री विसरायचे आणि ती घ्यायला खिडकीवर यायचे. पुन्हा विसरायचे, पुन्हा यायचे. कडक उन्हातही विसरायचे. घरी सगळे त्यांच्या विसरभोळेपणाला हसत असत. तो विसरभोळेपणा खिडकीवर येण्यापुरताच होता हे आज सगळ्यांच्या ध्यानात आलं.

"नोंदणी कार्यालयात सह्या करायच्या, बस्स," आत्या म्हणाली. मग उसवीकडे पाहून शांतपणे पुढे बोलली, "तो हिरवा कोट घालणार आहे मी."

उसवीची पाचावर धारण बसली. आत्याच्या आयुष्यात एक प्रसंग आला होता आणि त्या प्रसंगाचा कोट विद्यापीठातल्या टेबलावर अवयव पसरून पडला होता. त्यात सह्यांची तारीख नेमकी परीक्षेचीच निघाली. सकाळी परीक्षा, दुपारी सह्या.

तिने मॅडमना गाठलं. "मॅडम, होता तसाच परत शिवला तर?"

"तर शून्य मार्क," मॅडम म्हणाल्या. "होता तसा तर तो कपाटातही होता."

पण एक गोष्ट उसवीला खटकली. पाठीचा भाग फारच अरुंद वाटत होता. आत्याचं माप घेणं भाग होतं, आणि विचारायची सोय नव्हती. म्हणून घरी जाऊन तिने आत्याला लग्नाच्या आनंदात कडकडून मिठी मारली, तळहातात दोरा धरून. आत्या अजिबात हलली नाही. उलट तिने हात जरा वर केले. मग उसवीने दोरा टेपला लावून पाहिला. कोट आत्याला होणारच नव्हता. चांगला वीतभर कमी पडत होता. शिंप्याने शिवणीत बोटभर कापड दाबलेलं होतं, त्याने काय भागणार? होता तसा शिवून कपाटात टांगला असता तर आत्या ऐन वेळी आरशासमोर बटणांशी झटत राहिली असती. त्या कल्पनेनेच उसवीला रडू आलं. पोरगी कितीही उचापती असली तरी आत्यावर तिचा फार जीव होता.

आता दोन्ही काखांखाली पट्ट्या घालायला हव्या होत्या, आणि नवं कापड तर आणायचं नव्हतं. लोकरी कापड घरात एकच होतं. बाबांची लग्नातली तपकिरी पँट. बाबा त्या पँटमध्ये आता जेमतेम एक पाय घालू शकले असते, पण तिला कुलूपबंद ठेवत. उसवीने कुलपाकडे पाहिलं. मग तिने आयुष्यात कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुमची लग्नातली पँट मला द्याल का?"

बाबांनी चष्मा काढला. "तू मागतेयस?"

तिने सगळं सांगून टाकलं. बाबा उठले. मग कुलूप काढून पँट तिच्या हातात देत म्हणाले, "ताईला सांगू नकोस मी लगेच दिली म्हणून. जरा ओरडलो असं सांग."

उसवीने जीव ओतून कोट शिवला. काखेपासून खालपर्यंत तपकिरी पट्ट्या, त्याच तपकिरीची कॉलरला कड, पँटचे खिसे कोटाला. उरल्या कापडातून लांब पट्ट्याचं एक म्यान केलं, छत्रीसाठी, खांद्याला अडकवायचं.

परीक्षेच्या सकाळी ती आत्याला, "वाटेत वर्गावर येऊन जा, गंमत आहे," एवढंच सांगून पुढे गेली. आत्या आली, सोबत छत्रीवाले. उसवीने मान खाली घालून कोट आत्यापुढे आणि म्यान छत्रीवाल्यांपुढे केलं. आत्याने कोट अंगात घातला. खालचं बटण लागलं, मधलं लागलं, वरचं लागलं. आत्याने मोठा श्वास घेऊन पाहिला. बटणं जागची हलली नाहीत.

मॅडमनी विचारलं, "हा कपडा तुम्ही राजीखुशीने दिलात?"

उसवीने डोळे मिटले.

"मग काय!" आत्या म्हणाली. "किल्ली मीच ठेवली होती मशिनवर. मला वाटलं ही विचारायला येईल, तर हिने सरळ डल्ला मारला."

"आत्या! तुला माहीत होतं?"

"आधी घालून पाहिला होता गं. बटण लागेना. या वयात लग्न, त्यात कोट होत नाही म्हणून भाचीपुढे कुठे तोंड वेंगाडू? लाज वाटली." मग तिने छत्रीवाल्यांकडे बोट दाखवलं. "हे छत्री विसरायचे. मी किल्ली विसरले."

छत्रीवाले कानापर्यंत लाल झाले आणि म्यानाचा पट्टा खांद्यावर नीट करत राहिले. मॅडमनी मार्क काय दिले ते त्यांनी लिहिलं, पण हसता हसता पेन दोनदा खाली पाडलं.

दोघं निघून गेली. उसवी टेबल आवरायला वळली तर कापायच्या टेबलावर किल्ली. तीच. ती धावत जिन्यात पोचली.

"आत्या, किल्ली! आता काय हवंय ते सरळ तोंडाने सांग बघू."

आत्या जिन्यात थांबली. तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि मग चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "माझा एकही कपडा मला होत नाही गं. सगळे उसव."