मिठाच्या पाण्याने नाचणारे उंदीर

विज्ञानाला वाहून घेतलेला माणूस कधी मरत नाही, असं दादरच्या शोकसभेत संचालकांनी सांगितलं. सुधाकर मात्र वारला होता. त्याशिवाय हॉल मिळाला नसता. फणसवाडीतला माझा लहानपणापासूनचा शेजारी. परळच्या एका प्रयोगशाळेत उंदरांना उत्तेजक द्रव्य टोचण्यात त्याच्या नोकरीची बरीच वर्षं गेली. घरी विचारलं की म्हणायचा, "मेंदूतल्या पेशी एकमेकींना डोपामिनने निरोप धाडतात. रोज तेवढंच टोचलं तरी निरोप मोठमोठ्याने जायला लागतो. आणि पुढची गंमत ऐक. सुईत नुसतं मिठाचं पाणी भर, त्याच पिंजऱ्यात ठेव, तरी नाचतात लेकाचे!" द्रव्य बंद करून कित्येक आठवडे उलटले, तरी मेंदू ती जागा विसरत नव्हता. एवढंच त्याला सापडलं होतं, आणि ते त्याने नीट तपासलं होतं.

मग प्रयोगशाळेच्या संचालकांना लालबागला व्यसनमुक्ती केंद्र काढण्याची स्फूर्ती झाली. दारावर लावायला एक वाक्य हवं होतं: महिनाभरात मेंदू पूर्ववत. खाली सुधाकरची सही.

"सर, उंदीर तसं म्हणत नाहीत."

"उद्घाटनाला उंदरांना बोलावलेलं नाही, सुधाकरराव."

त्याने सही केली नाही. मी म्हटलं, कर की रे, पाटी कोण वाचतो? तर चिडला. "घरचे वाचतात. महिन्याने पोरगा पुन्हा घसरला की म्हणतील, मेंदू बरा झालाय, आता हा नुसता माज. आणि हाकलतील घराबाहेर." पाटी लागली ती दुसऱ्या कोणाच्या तरी सहीने, आणि सुधाकर निवृत्तीपर्यंत भांडाराच्या खोलीत काचेच्या नळ्या मोजत बसला. संचालकांचे सत्कार मात्र वाढत गेले. अशा प्रत्येक समारंभाला आम्ही दोघं मागच्या रांगेत. तबकात शाल दिसली की व्यासपीठावर संचालकांची मान आपोआप पुढे यायची, आणि सुधाकर माझ्या कानाशी पुटपुटायचा, "बघ, अजून टोचलेलं नाही."

तर शोकसभा. संचालकांनी आवाज ओला केला. "मेंदू महिनाभरात पूर्ववत होतो, हे सुधाकररावांनीच सिद्ध केलं…"

"नाही हो," पहिल्या रांगेतून वहिनी म्हणाल्या. सुधाकरच्या बायकोचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता. "ते खोटं आहे, असं म्हणाले होते ते. म्हणून तर तुम्ही त्यांना नळ्या मोजायला बसवलंत. निदान आज तरी ती सही त्यांच्या नावावर टाकू नका."

सूत्रसंचालिका बिचारी गडबडली आणि कार्यक्रमात पुढे जे होतं ते तिने पुकारलं: मरणोत्तर सन्मान. तबक आलं. शालीची घडी मोडायच्या आत संचालकांची मान पुढे झुकली होती… मी सवयीने शेजारी वळलो. खुर्चीवर कोणाची तरी छत्री होती.

शाल वहिनींसाठी होती.