बाहेरचं पान

दुसरं मूल गेलं तेव्हा मी रडले कमी आणि चिडले जास्त. पहिला बारशाआधीच गेला होता. दुसरा चांगला बसायला लागला, ओट्यावरच्या चिमण्यांना हात करायला लागला आणि साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. देवासच्या आमच्या घरातून देवीची टेकडी समोर दिसते. संध्याकाळी देवीपुढे दिवा लागला की घरातले सगळे हात जोडायचे. मीही जोडायची, पण मनातून तिच्याशी भांडत असायची. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तर माझं चित्त कुठेच ठरेना. निवडायला घेतलेले तांदूळ सुपात तसेच राहायचे. मी उगाच उठून दारापर्यंत जायची आणि कशाला आले ते विसरून परत फिरायची.

आमच्या घरात या सगळ्याचं कारण फार पूर्वीच ठरून गेलं होतं. ह्यांचे पणजोबा देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या गादीच्या, दरबारात कामाला होते. दरबारच्याच कामासाठी ते धारला गेले आणि तिथे पटकीने वारले. निरोप घेऊन स्वार आला, त्याने एवढंच सांगितलं की वारले आणि तलावाकाठी पुरले. ब्राह्मणाच्या देहाला अग्नी नाही, मंत्र नाही; परक्यांनी बेवारशासारखं खड्ड्यात लोटलं असणार, असं घरच्यांनी धरून चाललं. साथीच्या भीतीने तेव्हा धारला कोणी गेलं नाही, आणि साथ ओसरल्यावर लाजेने गेलं नाही. तेव्हापासून त्यांचं नाव घरात निघत नसे. त्यांना म्हणायचं ‘बाहेरचे’. सर्वपित्री अमावास्येला सगळ्या पितरांची पानं वाढून झाली की एक पान मागच्या दाराबाहेर, नुसत्या जमिनीवर ठेवायचं, दार लावून घ्यायचं आणि मागे वळून बघायचं नाही. कुणाचं लग्न मोडलं, म्हैस आटली, तरी खापर बाहेरच्यांच्या डोक्यावर फुटायचं. संस्थानं विलीन होऊन दरबारची नोकरी गेली आणि हे शाळेत मास्तर झाले, त्याचंही. माझी दोन्ही मुलंही त्यांनीच नेली असं सासूबाई म्हणत.

त्या वर्षी गौरी-गणपती पोचवून झाले आणि सासूबाईंनी जाहीर केलं की पितृपक्ष लागायच्या आत धारला जायचं, ती जागा शोधायची, हाडं वर काढायची आणि त्यांना अग्नी द्यायचा.

“आई, जुन्या माणसाला आता उकरायचं कशाला?” हे म्हणाले.

“मग काय करू? तिसऱ्यांदा रिकामा पाळणा हलवू?” सासूबाई म्हणाल्या, आणि हे मोटारीची चौकशी करायला उठले.

मला घरी ठेवायचं ठरत होतं. पोटुशीने असल्या जागी पाऊल टाकू नये म्हणे. मी म्हटलं, मी येणार. माझ्या लेकरांवर राग धरून बसलेलं माणूस आहे तरी कोण, ते मला बघायचंय. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की आता काहीतरी ऐकावं लागणार असं वाटलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, “चल. पदर पसरून माफी माग म्हणजे झालं.” माफी कशाची मागायची ते मला समजेना. खरं सांगायचं तर मी भांडायलाच निघाले होते.

इंदूरला मोटार बदलून धारला पोचेपर्यंत हाडं खिळखिळी झाली. पाऊस उघडला होता आणि भादव्याचं ऊन असं लागत होतं की डोळे उघडवेनात. धारचे एक भटजी ह्यांच्या ओळखीतले होते. ते आणि कुदळ घेतलेला एक गडी वाट बघत थांबले होते. तलावाकाठी पिंपळाखाली, एवढाच काय तो आमच्या घरात चालत आलेला पत्ता. आता तलावाच्या काठी पिंपळ का थोडे असतात? सासूबाई एकेका पिंपळाखाली जाऊन जमीन निरखत होत्या, भटजी पंचाने घाम पुसत मागून चालत होते, हे कोणी भेटलं की “इधर कोई बामण को गाड़ा था क्या, बहुत पहले?” असं विचारत होते आणि माणसं चमकून पुढे निघून जात होती. शेवटी एका झाडाखाली दगडांचा जुना ढीग दिसला. सासूबाई तिथे थांबल्या. “हेच,” म्हणाल्या. कशावरून, ते विचारायची कोणाची छाती नव्हती. भटजींनी सामान मांडलं आणि गडी दगड बाजूला करू लागला.

मला तिथे उभं राहवेना. पोटात बाळ हलत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि कुदळीचा पहिला घाव ऐकू आला तेव्हा तर मी कानांवर हात घेतले. मी काठाकाठाने चालत सुटले. थोडं पुढे एका घराच्या कुंपणाला लागून एक बुटका ओटा होता, वर कडुलिंबाची सावली. मी कशीबशी त्यावर टेकले. त्या क्षणी मी मनात टेकडीवरच्या देवीला म्हटलं, आई, आता मला भांडायचंही बळ नाही, तुला काय करायचं ते कर. अशी शरण मी त्याआधी कधी गेले नव्हते. गेले म्हणण्यापेक्षा, थकून पडले.

“बई, उठो. यां नी बैठे. महाराज को ओटलो है.”

कुंपणाच्या फटीतून एक म्हातारी बाई लोटा घेऊन बाहेर आली होती. मी दचकून उठायला गेले, तोच तिची नजर माझ्या पोटावर गेली आणि मी एवढ्या उन्हात फिरते म्हणून ती हळहळली.

“अरे राम, दो जीव की हो ने इत्ता तावड़ा में फिरी री हो? बैठो, बैठो. महाराज बुरो नी माने.”

ओट्यावर मध्यभागी एक लहानशी पिंड आणि तिच्यापुढे दगडात कोरलेल्या पादुका होत्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले होते, आणि ही म्हणत होती की महाराज रागवत नाहीत. माझं मलाच ओशाळं वाटलं. तिची गाय सकाळी व्यायली होती आणि पहिलं दूध महाराजांना घालायची त्यांच्या घरची रीत होती. तिने लोट्यातली धार पिंडीवर धरली, मग घरातून पाणी आणि गुळाचा खडा आणून माझ्या हातावर ठेवला. पलीकडे कुदळ वाजतच होती. तिने कपाळावर आडवा हात धरून पाहिलं आणि तिथे काय खणतात म्हणून विचारलं. मी माझ्या तुटक्या हिंदीत सांगितलं की आमच्या घरचे एक पुरखे आहेत, हैजाने म्हणजे पटकीने गेले, लोकांनी त्यांना तसंच गाडलं, त्यांना काढून जाळायचंय. कुठून आलो ते मी सांगितलं नव्हतं.

म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “देवास का? बड़ी पांती का?”

माझ्या हातातला गूळ खाली पडला.

ती जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत आठवून लिहिते आहे, कारण नंतर कितीदा तरी मी ते मनात म्हटलं आहे. “म्हारी सास नवी-नवी परणी ने आई थी. ई बामण म्हाका घरे उतर्या था. हैजो हुयो. मरती बखत भगवा माँग्या, चोटी काटी, जनेऊ तोड़ी ने पाणी में पधराई. फेर अंजली में पाणी लई ने तीन बार बोल्या के म्हारा से कोई मत डरजो. बैठा-बैठा देह छोड़ी. म्हाका लोग ने समाधि दी ने देवास सवार भेज्यो. पण घर से कोई नी आयो.”

मी तशीच उठले. इतकं भरलेलं पोट घेऊन मी त्या काठाने कशी पळाले, देव जाणे. दुरूनच ओरडले, “थांबवा! थांबवा ती कुदळ!” सासूबाईंना वाटलं मला काहीतरी झालं, त्या माझ्या दिशेने धावल्या. मागून ती म्हातारी येत होती. तिने पुन्हा सगळं सांगितलं: तिची सासू नवी नवरी असताना हा ब्राह्मण त्यांच्या घरी उतरला, पटकी झाली तेव्हा भगवी वस्त्रं मागून त्याने शेंडी-जानवं पाण्यात सोडलं, बसल्या बसल्या देह ठेवला, आणि त्यांच्या लोकांनी त्या ओट्याखाली समाधी देऊन देवासला स्वार पाठवला. सासूबाई ऐकत होत्या, पण चेहऱ्यावर विश्वास दिसत नव्हता. “कशावरून आमचेच?” त्या म्हणाल्या. “चार माणसं मरतात साथीत. ही म्हणते म्हणून आपण मानायचं?”

तेव्हा भटजींनी पंचा खांद्यावर टाकला आणि म्हातारीला विचारलं, ते शेवटी काय बोलले ते पुन्हा सांगा. तिने सांगितलं. तीन वेळा, पाणी हातात घेऊन, माझ्यापासून कोणी भिऊ नका. भटजींनी ओट्याच्या दिशेने हात जोडले. मग सासूबाईंकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “बाई, हा आतुर संन्यास. मरण समोर दिसताना घेतात तो. शेंडी-जानवं पाण्यात सोडायचं आणि सगळ्या भूतमात्रांना अभय द्यायचं, हा त्याचा विधीच आहे. या माउलीला मंत्र ठाऊक असायचं कारण नाही, तिने अर्थ तेवढा जपलाय. संन्याशाला अग्नी देत नाहीत, त्याला बसवून समाधीच देतात. तुमच्या माणसाचं कोणतंही कर्म राहिलेलं नाही. जे करायचं ते सगळं त्या लोकांनी केलंय.”

सासूबाई तिथेच मातीत बसल्या. त्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. “अभय देऊन गेले हो,” त्या म्हणत होत्या, “आणि आम्ही त्यांनाच भीत राहिलो. दाराबाहेर ठेवलं त्यांना.” ह्यांनी त्यांना उठवायचा प्रयत्न केला, पण त्या उठेनात. मग ती म्हातारीच त्यांच्याजवळ बसली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. “महाराज बुरो नी माने, बेन,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. गड्याने दगड जागच्या जागी लावून दिले. आम्ही सगळे त्या ओट्याकडे गेलो, आणि भांडायला आलेली मी त्या झिजलेल्या पादुकांवर डोकं ठेवून पडून राहिले. मागायचं होतं ते काही आठवेचना.

पितृपक्षात संन्याशांची तिथी द्वादशी. त्या द्वादशीला आमच्या घरी स्वयंपाक झाला. मी वाढायला घेतलं आणि सवयीने मागच्या दाराकडे वळले. सासूबाईंनी माझ्या हातातलं पान घेतलं. देवघरासमोर पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि पान त्याच्यापुढे ठेवलं. मग मोठ्याने, घरातल्या कोणी आजवर घेतलं नव्हतं ते नाव घेतलं आणि म्हणाल्या, “आत या.” मागचं दार त्या दिवशी जेवणं होईपर्यंत उघडंच होतं. मी कितीतरी महिन्यांनी दुपारी तिथेच, दाराशी, वाऱ्याला गाढ झोपले.

मार्गशीर्षात मला मुलगी झाली. ती जगली, आणि आता शाळेत जाते. लोक म्हणतात, पाहिलंत, पुण्याई फळली. मी हो-नाही काही म्हणत नाही. ती महाराजांनी वाचवली की काय, ते सांगणारी मी कोण? आधीची दोन त्यांनी नेली नव्हती, एवढं मात्र मला ठाऊक झालं आहे. ती का गेली ते अजूनही कळत नाही, पण आता त्याचं उत्तर मागत मी टेकडीकडे बघत नाही. त्या दिवशी मी भांडत तलावाच्या काठी फिरले असते, तर त्या ओट्यावर बसलेच नसते. माझं बळ संपलं तिथेच तो ओटा होता.

दर भादव्यात आम्ही धारला जातो. म्हातारी आता नाही, पण तिच्या घरची गाय व्यायली की पहिलं दूध अजून तिथे जातं. गेल्या खेपेला माझी मुलगी त्या ओट्यावर चढून पादुकांना पाठ लावून बसली. मी तिला उठवायला हात पुढे केला, तर सासूबाईंनी तो धरला. म्हणाल्या, “बसू दे. ते रागवत नाहीत.”